पुढची शर्यत कधी?

आज दसरा. ओहायोतल्या आमच्या घरासमोर गाडीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा वास हाताला लागला आणि आईचा इथला पहिला दसरा आठवला.

शेजारच्या म्हाताऱ्या रॉयच्या गराजमध्ये त्याच्या वडिलांची शर्यतीची जुनी गाडी, स्टॉक कार, होती. दारं वेल्ड केलेली, कुशीत भलामोठा पोचा, शेवटच्या शर्यतीतला चिखलही त्याने तसाच जपलेला. गाडीला कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. आईने माझी गाडी पुजली आणि मी अडवायच्या आत रॉयच्या गराजमध्ये शिरून त्या गाडीलाही कुंकू लावलं.

"आई, अगं ती नुसती जपून ठेवलीय! चालत नाही."

"गाडी आहे ना? मग? विचार त्याला, पुढची शर्यत कधी आहे?"

मी चाचरत विचारलं. रॉय तरातरा गाडीजवळ आला. मला वाटलं, चिडला.

"सगळे जुन्या रेसेसचं विचारतात," तो कुंकवाकडे बघत म्हणाला. "हे कुणीच विचारलं नव्हतं."

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी शेजारून असा आवाज उठला की आमच्या खिडक्या थरथरल्या. आई तेव्हा नागपुरात होती. मी फोन लावून खिडकीबाहेर धरला.

"निघाली का?" आई ओरडली. "अरे, मग नारळ फोड!"