कावळे उठवणारं गाणं

आमच्या कॉलेजच्या रेडिओची खोली ग्रंथालयाच्या वर, गच्चीला लागून होती. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले. उन्हाळ्यात खोली तापली की त्यांना वास सुटायचा. तिथून निघालेला आवाज उमरग्याच्या बाहेर फार लांब जात नसे. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, हायवेवर पंक्चरचं दुकान होतं, तिथवर कसाबसा पोचायचा. त्यासाठीही त्यानं दुकानाच्या पत्र्यावरून लिंबाला तार ओढली होती.

मला गुरुवारी दुपारचा अर्धा तास मिळाला होता. शेतीसल्ला आणि स्पर्धा परीक्षा यांच्या मधला, कुणालाच नको असलेला. समोर माणसं असली की माझी वाचा बसायची. माईकसमोर कुणी नसायचं, म्हणून मला ते जमलं. मी ठरवलं, कुणी न ऐकलेली गाणी लावायची. घरी दादाला सांगितलं.

"कुणी ऐकल्यालीच न्हाईत, तर चांगली कशावरनं?" तो म्हणाला.

त्यानं पुन्हा ते विचारलं नाही. पण पुढच्या आठवड्यापासून तोच गाणी आणू लागला. त्या रस्त्यावर कुठकुठले ट्रक थांबायचे. ट्यूब पाण्यात बुडवून भोक सापडेपर्यंत ड्रायव्हरला काही काम नसायचं. दादा त्याला म्हणायचा, "तुमच्या गावाकडचं गाणं द्या की एखादं. पिक्चरचं नको." मोबाईलवरून मोबाईलवर गाणं घ्यायचा आणि संध्याकाळी ग्रीसचे डाग पडलेलं मेमरी कार्ड माझ्या हातावर ठेवायचा.

त्यात काय काय असायचं! समुद्राकाठच्या कुठल्या गावातली लग्नातली गाणी. गिटार घेऊन खोलीत बसलेली, मध्येच खोकणारी मुलं. पुष्कळदा भाषा कुठली हेही कळायचं नाही. त्यातलं एक गाणं आसामकडच्या एका ट्रकमधून आलं होतं. सुरुवातीला लांब, हलकी शिट्टी, कुणी डोंगरात गुरं वळत असावं तशी. ती चालू असतानाच एकदम पत्र्याचे डबे बडवल्यासारखा ढोल आणि चार पोरांचं ओरडणं. मला ते इतकं आवडलं की दर गुरुवारी माझा कार्यक्रम मी त्यानंच सुरू करायला लागले.

एकदा शिपाईमामा जिना चढून धापा टाकत वर आले. "ताई, मशीन बिघडली व्हय? खाली सर विचारायलेत."

वर्गातली एक मुलगी म्हणाली, "तुझ्या गाण्यानं आमची म्हस आटली ग."

मी हसण्यावारी न्यायचे, कारण एक माणूस ऐकतोय हे मला ठाऊक होतं. संध्याकाळी दादा म्हणायचा, "लागलं व्हतं ग. लई भारी." दर वेळी एवढंच. मला ते पुरायचं.

दादा या वर्षी गेला. दुकानातच छातीत दुखलं. मी परगावी शिकवते, पोचले तेव्हा त्याला अंगणात ठेवलं होतं.

दहाव्याला आम्ही सगळे तळ्याच्या काठी गेलो. पिंड मांडून बराच वेळ झाला तरी कावळे समोरच्या बाभळीवरून खाली येईनात. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, असं धरतात. मग एकेक जण हात जोडून त्याला शब्द देतो. वहिनी म्हणाली, लेकीला शिकवीन. चुलते म्हणाले, दुकान बंद पडू देणार नाही. आई म्हणाली, "माझी काळजी करू नगंस. जा बाबा." कावळे हलले नाहीत. माणसं रुमालानं मान पुसू लागली.

दादाच्या दुकानाशेजारी चाचांची चहाची टपरी आहे. ते जरा मागं उभे होते. पुढं येऊन हळूच म्हणाले, "बेटा, तुझं त्ये रेडिओवरचं गाणं. शिट्टीवालं. त्ये लाव."

"इथं?"

"त्या गाण्याचं आन कावळ्याचं कायतरी व्हतं बघ. आठवंना आता. पर लाव."

आईनं ते ऐकलं आणि माझ्याकडं पाहिलं. मला नाही म्हणता आलं नसतं. पण मला नाही म्हणायचंही नव्हतं. एवढ्या माणसांत दादाची एक गोष्ट फक्त माझ्याकडं आहे, असं वाटून मला बरं वाटलं. भावाच्या दहाव्याला मला बरं वाटलं, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

गाणं अजून माझ्या मोबाईलवर होतं. मी आवाज पूर्ण वाढवून ते लावलं. शिट्टी तळ्यावर पसरली. दोन कावळे उतरले. त्यातला एक उड्या मारत पिंडापाशी आला, मान वाकडी करून उभा राहिला.

"आला, आला," कुणीतरी पुटपुटलं. आईनं डोळे मिटून हात जोडले.

आणि पुढं काय आहे ते मला तेव्हा आठवलं.

ढोल वाजला, पोरं ओरडली. तो कावळा उडाला, दुसरा उडाला, बाभळीवरचे सगळे उडाले. मी बंद करायला गेले तर घामानं बोट सरकेना. पोरं ओरडतच होती.

"बंद कर की ग!" चुलते खेकसले. "दहाव्याला आलीस का वरातीला?"

गड्यांमधलं कुणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं. अखेर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावावा लागला. गुरुजी म्हणाले, शास्त्राला चालतं. मी पायांकडं बघत उभी राहिले. परतताना जीपमध्ये माझ्या शेजारची जागा मोकळी होती आणि तरी चुलती मागं दाटीत बसली.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "आला व्हता ग त्यो. आल्याला उठवलंस तू."

त्यानंतर ती रोज सकाळी आवाराच्या भिंतीवर दहीभात ठेवून बसायची. कावळे यायचे, खायचे. "ह्यो न्हाय," ती म्हणायची आणि आत जायची. माझ्याशी बोलायची ते कामापुरतं. मी तिला काय सांगणार होते? शास्त्राला चालतं, हे?

तेराव्यानंतर चाचांकडं राहिलेली दुकानाची किल्ली आणायला मी हायवेवर गेले. त्यांनी टपरीतूनच हाक मारली. त्यांचा चेहरा पडलेला होता.

"माझ्यामुळं झालं बेटा. आता समदं आठवलं." ते चहा गाळता गाळता थांबले. "मी मागं शिळा पाव टाकायचो. कावळे जमायचे. गुरुवारी तुझं त्ये लागलं, डबे वाजले, की समदे भुर्र! आन तुझा भाऊ हातातला पाना टाकून हसायचा. 'चाचा, बहीण आली माझी. कावळे उठले बघा.' दर गुरुवारी त्येच बोलायचा, आन दर बारीला तेवढाच हसायचा."

"म्हणजे गाणं आवडायचं नाही त्याला?"

चाचांनी कप पुढं केला. "आवडायचं न्हाय म्हणावं, तर रेडिओला कुणाला हात लावू देत नसं. एका ड्रायव्हरनं बटन फिरवलं तर पाना उगारला व्हता त्यानं. पर तुझं संपलं की लगेच भजनाची क्यासेट लावायचा आपली."

चहा तसाच राहिला. माझ्या त्या अर्ध्या तासात दादा काय करत असेल, हे मी कधी विचारलं नव्हतं. "लई भारी" एवढ्यावर माझं भागलं होतं. न आवडणारी गाणी तो ग्रीसच्या हातांनी माझ्यासाठी गोळा करत होता, आणि मी ती आवडीनं ऐकणारा माणूस म्हणून त्याला मनात बसवून ठेवलं होतं.

आईला हे सांगणं जड गेलं. मुलगा बहिणीला हसायचा, असं आईला कसं सांगायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी ती दहीभात कालवत होती, तेव्हा मी तिच्याकडं न बघता सगळं सांगून टाकलं. तिचा हात थांबला.

"कावळे उठले की हसायचा व्हय?"

"व्हय."

"लई?"

"पाना टाकून, म्हणाले चाचा."

तिनं भात भिंतीवर ठेवला आणि पायरीवर बसली. थोड्या वेळानं एक कावळा आला.

"लाव," ती म्हणाली.

"आई, नको. आजूबाजूला माणसं..."

"लाव म्हणते न्हवं."

मी लावलं. नुसती शिट्टी होती तोवर कावळा खात होता. ढोल वाजला तसा तो उडाला, शेजारच्या पत्र्यावरून हायवेच्या बाजूला गेला. आई तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

शेजारीण गच्चीवरून डोकावली. "काय लावलंय हो हे? सुतक फिटून दोन दिस झाले न्हाईत!"

मी मोबाईलकडं हात नेला, तर आईनं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "पुरं व्हऊ दे."