परक्या घरात माझा आवाज

माझ्या घरात माझा आवाज फारसा निघत नाही. साताऱ्यात दोन खोल्यांत मी एकटा राहतो. आई होती तोवर निदान भांडण व्हायचं. आता तोंड उघडायचं ते कॉम्प्युटरला शिव्या घालायला. रहिमतपूरजवळच्या एका गावातल्या घरात मात्र माझा आवाज दिवसभर चालू असतो. तिथे तो पाणी मागतो, बातम्या लावायला सांगतो, पंख्यावरून कुरकुर करतो.

ते घर एका निवृत्त सुभेदारांचं आहे. नसांच्या आजारात आधी त्यांचे पाय गेले, मग हात, मग वाचा. उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलतं आणि डोकं पहिल्यासारखंच तल्लख आहे. मिरजेच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, एवढ्या एका बोटावर त्यांना बोलता येईल असं काही करता येईल का? मी दूध डेऱ्यांचे नि पतसंस्थांचे लहानसहान प्रोग्रॅम लिहून पोट भरणारा माणूस. प्रयत्न करतो म्हटलं. दाराच्या बेलचं बटण कॉम्प्युटरला जोडलं आणि प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर एकेक वाक्य उजळत जातं. हवं ते उजळलं की बटण दाबायचं, की कॉम्प्युटर ते मोठ्याने बोलतो. कॉम्प्युटरचं स्वतःचं मराठी ऐकल्यावर सुभेदारांनी डोळे घट्ट मिटून घेतले, तेव्हा वाक्यं मीच माझ्या आवाजात भरायचं ठरलं.

कुठली वाक्यं हवीत ते त्यांनीच सांगितलं. घरात मुळाक्षरांचा एक तक्ता होता. त्यांच्या पत्नी, काकू म्हणतो मी त्यांना, त्यावरून बोट फिरवायच्या आणि योग्य अक्षर आलं की सुभेदार डोळे मिचकावायचे. असं एक वाक्य व्हायला चहा गार व्हायचा. मला वाटलं, पहिलं वाक्य ‘पाणी दे’ असेल. पहिलं निघालं ‘जेवून जा’. घरी आलेल्या माणसाला उपाशी पाठवायची लाज त्यांना आजारापेक्षा जास्त छळत असावी.

सगळी वाक्यं मी साताऱ्याला घरी भरली. रस्त्यावरचे हॉर्न नकोत म्हणून डोक्यावर वाकळ घेऊन बसायचो. ‘पाठीला खाज सुटलीय’ पहिल्या झटक्यात झकास झालं. ‘जेवून जा’ काही केल्या जमेना. कधी हुकूम सोडल्यासारखं व्हायचं, कधी लग्नपत्रिका वाचल्यासारखं. हे दोन शब्द मी कितीतरी वर्षांत कुणाला म्हटले नव्हते. म्हणायला माझ्याकडे जेवणवेळेला येतं कोण? शेवटी आई दारात उभी राहून जशी म्हणायची तसं म्हणून बघितलं आणि तेच ठेवलं.

पुढे काकू फोनवर हसून म्हणायच्या, “भाऊ, तुमी हॅलो म्हनला की मला वाटतं, हेच बोलत्यात.” मला ते ऐकून बरं वाटायचं. खरं सांगायचं तर लय बरं वाटायचं.

एके दिवशी त्यांचा फोन आला. मी हॅलो म्हटलं. पलीकडून रडका आवाज आला. “भाऊ, ह्यांचं बोलनं बंद झालंय. कंपुटर म्हनतोय, ह्यात धोका हाय.”

झालं होतं असं. त्यांचा मुलगा फौजेत आहे. सुट्टीवर आला तेव्हा त्याने बापाच्या कॉम्प्युटरवर एक सुरक्षेचं सॉफ्टवेअर घातलं आणि तो ड्युटीवर परत गेला. त्याचं काही चुकलं नव्हतं. अनोळखी काही उघडायचं नाही, हे फौजेत त्यांच्या हाडीमाशी भिनवलेलं असतं. त्या सॉफ्टवेअरने माझा प्रोग्रॅम पकडला आणि कोंडून ठेवला. कॉम्प्युटरवर दुसरं काही चालू असलं तरी माझा प्रोग्रॅम त्या एका बटणाकडे कान लावून बसतो. तसं बसल्याशिवाय सुभेदारांना बोलता येणार नाही. पण लोकांचे पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅमही असेच कान लावून बसतात. पाळत एकसारखी, मग चोर आणि सेवेकरी ओळखायचा कसा?

आमच्याकडे गावात शिरलं की पारावरचा म्हातारा विचारतो, “कुनाचा रं तू?” बापाचं नाव सांगितलं की प्रश्न मिटतो. ह्या पहारेकऱ्यालाही तेच विचारायचं असतं, पण माझ्या बापाचं नाव त्याला चालत नाही. किती लोक तुझा प्रोग्रॅम वापरतात, ते तो बघतो. डॉक्टरीणबाईंनी तो आणखी काही रुग्णांना दिला, तरी माझा वापरणारी माणसं एका रिक्षात मावतील. त्यातून मी काही सुधारणा केली की प्रोग्रॅम त्याच्या लेखी पुन्हा नवा, पुन्हा अनोळखी. कंपनीला मी लिहिलं की बाबांनो, हा चोर नाही, एका माणसाची जीभ आहे. तुमची सूचना मिळाली, आभारी आहोत, असं उत्तर आलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच, काना-मात्रेचाही फरक नाही.

याआधी सांगलीत हेच झालं होतं. तिथल्या एका निवृत्त बाई माझा प्रोग्रॅम वापरायच्या. त्यांच्या भाचीने मला कळवलं, “तुमच्या प्रोग्रॅममध्ये व्हायरस आहे, परत पाठवू नका.” त्यानंतर फोन उचलणं बंद. त्या बाई आता कशा बोलतात, बोलतात की नाही, मला कळायला मार्ग नाही. रहिमतपूरचं घरही असंच तुटलं असतं, तर सुभेदारांची वाचा गेली असती आणि मी पुरता मुका झालो असतो. म्हणून पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि एस.टी. धरली.

सुभेदार खिडकीशी खुर्चीत होते. मी पेन ड्राइव्ह लावल्या लावल्या त्या सॉफ्टवेअरने त्यातला प्रोग्रॅमही गिळला. ‘हा प्रोग्रॅम विश्वासाचा आहे’ असं त्याला सांगायची सोय होती, पण तिला मुलाने पासवर्ड लावलेला. घरच्यांनी चुकून पहारा उठवू नये म्हणून. मुलगा वर कुठेतरी बर्फात. फोन त्याचाच यायचा, इकडून लागायचा नाही. मी गावाचं नाव घालून बघितलं, कुलदैवत बघितलं, नातीचं नाव बघितलं. कशानेच उघडेना.

“आवं भाऊ, त्यास्नी इचारा की!” काकू वैतागल्या. “तोंड बंद हाय त्येंचं, डोस्कं न्हवं.”

तक्ता काढला. सुभेदारांनी अक्षरं सोडून खालच्या आकड्यांवर डोळे मिचकावले. एक आकडा, दुसरा, तिसरा. अर्ध्यात काकूंचं बोट थांबलं. “ह्यो तर ह्यांचा फौजेतला लंबर!” शिपाई म्हणून भरती झाले तेव्हाचा. पोराने पासवर्ड म्हणून बापाचा नंबर ठेवला असणार, हे बापाने ताडलं होतं.

दार उघडलं. मी विश्वासाच्या खणात खूण केली आणि प्रोग्रॅम पुन्हा घातला. पडद्यावर यादी आली, सगळ्यात वरचं वाक्य उजळलं आणि सुभेदारांचं बोट हललं.

“जेवून जा.”

आवाज माझाच होता. वाकळेखाली बसून रिकाम्या खोलीत काढलेला.

“नको सुभेदार,” मी सवयीने म्हणालो. “घरी वाट बघत असतील.”

साताऱ्यात माझी वाट बघणारं कोणी नाही, हे त्या दोघांना चांगलं ठाऊक होतं. सुभेदार माझ्याकडे बघत राहिले. पडद्यावरचा उजेड पाण्यावरून, पंख्यावरून, बातम्यांवरून खाली सरकत गेला आणि यादी संपवून पुन्हा वर आला. त्यांनी बोट दाबलं.

“जेवून जा.”

मी हातपाय धुवायला मोरीकडे वळलो. परत आलो तेव्हा काकूंनी माझं ताट वाढलं होतं.