शालिग्रामने न सांगितलेलं माप

माझा धाकटा भाऊ शालिग्राम शिंपी याने उभ्या आयुष्यात बास्केटबॉलची एकच मॅच पाहिली, आणि तीही अर्धी. तरी जळगावात एक काळ असा होता, की डाळ-मिलच्या संघात नवीन पोरगं आलं म्हणजे ते कसं निघेल हे विचारायला लोक आधी आमच्या दुकानात यायचे, मग मैदानावर जायचे.

मिलच्या शेटना त्या खेळाचं वेड होतं. आपल्याकडे कुस्ती, कबड्डी, फार तर व्हॉलीबॉल. यांनी मेहरूणच्या रस्त्याला सिमेंटचं मैदान केलं, दोन टोकांना लोखंडी खांब रोवले आणि कुठून कुठून उंच पोरं आणून पगारावर ठेवली. सकाळी मिलची हजेरी, संध्याकाळी चेंडू. दर जूनला दोन-तीन नवीन पोरं यायची. सहा महिने बघायचं, बरी निघाली तर मिलमध्ये कायम, नाहीतर एस.टी.त बसवून परत.

संघाचे कपडे शालिग्राम शिवायचा. बनियानसारखा बिनबाह्यांचा सदरा, अर्धी चड्डी आणि वरून घालायला पूर्ण बाह्यांचं जाकीट. जाकिटामुळे हाताचं माप आलं, आणि त्या मापामुळे ही सगळी मंडळी आमच्या बाकावर आली.

रिक्षावाला निंबा आणि बांगड्या-कंगव्यांची गाडी लावणारा रतिलाल हे दोघे पुढारी. खेळाचं यांना इतकं ठाऊक, की घरच्या पोरांची इयत्ता विचारली तर चाचरतील, पण संघातल्या कुणाचं कोणतं पाऊल आधी उचलतं ते झोपेत सांगतील. माप घेतल्याच्या संध्याकाळी दोघे बाकावर येऊन बसायचे.

"नाना, भुसावळवाल्याची छाती?" निंबा विचारायचा.

"एक्केचाळीस."

"मंग तो पळाना नही. ढकलाना कामना शे."

"चोपड्याच्याची बाही?" रतिलालचं पुढचं.

"पंचवीस."

"कमी पडली रे. त्याला उडी मारावी लागेल."

"मंग उडी कितली मारस, नाना?"

"उडीचं माप मी घेत नाही," शालिग्राम मशीन न थांबवता म्हणायचा.

एवढ्यावर त्यांचं सगळं ठरायचं. कोण टिकेल, कोण दिवाळीला घरी जाईल. आणि गंमत अशी, की चारांत तीनदा ते खरं निघायचं. त्यामुळे गावात झालं काय, की शालिग्राम नानाला पोरातलं कळतं. त्याला काहीएक कळत नव्हतं. तो फक्त आकडा सांगायचा.

आकड्याचा मात्र तो पक्का. तो शिकला धुळ्याला, आमच्या मामाजवळ. एकदा एका गुळाच्या व्यापाऱ्याची कंबर त्याने बेचाळीसची चाळीस सांगितली, गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून. मामाने गिऱ्हाइकासमोरच त्याच्या कानाखाली दिली आणि म्हणाला, "पोट त्याचं आहे, टेप माझी आहे." तेरा वर्षांचा होता तेव्हा. तेव्हापासून लग्नाच्या नवरीलाही त्याने पाव इंच सोडला नाही. बायका रुसायच्या. कपडा अंगावर बसला की परत यायच्या.

मी नवरा गेल्यावर त्याच्याकडे राहायला आले ती राहिलेच. काजं करायची, बटणं लावायची, आणि तो माप घेताना वहीत लिहायचं. चार बुकं शिकलेली मी, पण आकडे माझे स्वच्छ. तो ओरडायचा, मी लिहायची.

सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये तीन पोरं मापाला आली. तिसरा सोनगीरचा, वाल्मीक नावाचा. सव्वासहा फूट उंच, मान खाली घालून आत आला तरी दाराची चौकट लागलीच. धुळ्याचं कॉलेज अर्धं सोडून आला होता. घरी आई आणि दोन बहिणी, आणि किल्ल्याच्या पायथ्याला थोडी जमीन, तिच्यात बाजरीपेक्षा दगड जास्त येतात असं त्यानेच सांगितलं.

"छाती अडतीस. खांदा एकोणीस. बाही सव्वीस," शालिग्राम बोलत गेला, मी लिहीत गेले. मग तो थांबला. पोराच्या मागे जाऊन उभा राहिला, दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. नेहमी एकाच हाताचं माप घेतात. त्या दिवशी त्याने टेप डाव्या हाताला लावली, काढली, पुन्हा लावली. आणि काही बोललाच नाही.

मी म्हटलं, "काय लिहू?"

"साडेचोवीस," तो हळूच म्हणाला.

दीड इंच. पोराचा चेहरा राखेसारखा झाला. बाकीचे दोघे बाहेर उभे होते. त्याने आवाज खाली घेतला.

"नाना, हाई म्यानेजरले सांगू नका. आठ वरीसना व्हतू, चिंचवरथून पडनू. हाडवैद्याने बांधलं ते असं बसलं."

त्याची भीती खोटी नव्हती. आदल्या वर्षी एक पोरगा गुडघ्याचं दुखणं लपवून आला, कायम झाला, आणि नाशिकच्या स्पर्धेत भर मैदानात बसला तो उठलाच नाही. तेव्हापासून शेटनी मॅनेजरला सांगून ठेवलं होतं, की लपवालपवी निघाली तर सहा महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी रवानगी.

शालिग्राम त्याला म्हणाला, "दुखतो का?"

"नाही. पाणी शेंदतो, पोती उचलतो. फक्त छोटा शे."

"बरं," शालिग्राम म्हणाला, आणि टेप गळ्यात टाकली.

संध्याकाळी बाक भरला. पहिल्या दोघांचं रीतीप्रमाणे झालं. मग निंबाने विचारलं, "आनि सोनगीरवाला? त्याना हात कितला शे?"

शालिग्रामने दोरा सुईत ओवला. ओवलेला काढला. "उद्या सांगतो," म्हणाला.

दुकानात अशी शांतता मी आमच्या आईच्या दहाव्यालाही पाहिली नव्हती. रतिलालने निंबाकडे पाहिलं, निंबाने माझ्याकडे. मी बटणाच्या डब्यात तोंड घातलं.

"अक्का, वहीत तरी बघा," रतिलाल म्हणाला.

"वही उंदरांनी खाल्ली," मी म्हटलं. पन्नाशीच्या बाईने याहून बरं खोटं बोलायला हवं होतं, पण मला तेवढंच सुचलं.

दोन दिवसांत मेहरूणपासून स्टेशनपर्यंत एकच चर्चा. नानाने माप सांगितलं नाही, म्हणजे पोरात काहीतरी आहे. पहिल्या दिवशी हात वाकडा होता. दुसऱ्या दिवशी निंबाच्या रिक्षात कुणीतरी सांगत होतं, की पोराच्या छातीत भोक आहे आणि शिंप्याला ते टेप लावताना ऐकू आलं. शालिग्रामने खरं सांगितलं असतं तर दीड इंचच झालं असतं. गप्प बसला तर पोराचं होत्याचं नव्हतं व्हायची पाळी आली.

त्या दोन दिवसांत तो जेवला नाही म्हणण्यापेक्षा ताटाशी खेळला. आमची द्रौपदाबाई, म्हणजे त्याची बायको, तिला वाटलं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी बिघडली. तिने तीनदा पीठ बदललं. कुणाचं तरी पोट बिघडतं आणि पिठाला बोल लागतो.

जाकीट मात्र त्याने शिवलं. उजवी बाही सव्वीस, डावी साडेचोवीस. पोराला बोलावून घालून पाहिलं. दोन्ही बाह्या नेमक्या मनगटावर. उभा राहिला तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

पोरगं गेल्यावर मी म्हटलं, "झालं की. आता विचारलं तर सव्वीस सांग. एक हात तर आहेच सव्वीस. दुसरा कोण विचारतो? माणसाला दोन हात सारखेच असतात."

"कपड्यात खोटं नाही, अक्का. ज्या हाताची जी बाही ती लावली. तोंडातून मात्र खोटं काढायला सांगतेस."

"मग खरं सांग."

"तर त्याची नोकरी जाते."

"मग काय करतोस?"

त्याने कात्री खणात ठेवली. मग म्हणाला, "तो खेळतो तरी काय ते बघून येऊ. दीड इंचानं तिथं काय अडतं ते मला ठाऊकच नाही."

वीस वर्षं त्या खेळाचे कपडे शिवून हा माणूस पहिल्यांदा मैदान बघायला निघाला. मीही निघाले. एकट्याला पाठवलं असतं तर अर्ध्या वाटेवरून परत आला असता. निंबाच्या रिक्षात बसलो. निंबा काही विचारेना, आणि त्याचं न विचारणं इतकं जोरात होतं की मला बाहेर बघत बसावं लागलं.

मैदानावर आपापसातली मॅच चालली होती. जुनी पोरं एकीकडे, नवी एकीकडे. कडेला पन्नासेक माणसं. रतिलाल गाडी बंद करून आला होता, म्हणजे काम गंभीर. मॅनेजर साहेब खुर्चीवर. पोरांना शिकवणारे सर शिट्टी तोंडात धरून कडेने धावत होते.

शालिग्राम खेळ बघत नव्हता, डावा हात बघत होता. मीही तेच बघत होते. पोरगं चेंडू डाव्या हाताने जमिनीवर आपटत असं निघायचं, की समोरचा उजवीकडे जायचा आणि हा त्याच्या बगलेखालून पार. लोक ओरडायचे.

"डावा बघा, नाना, डावा," न राहवून निंबा म्हणाला. "चेंडू अंगनी जवळ ठेवस. कोनले सापडत नही."

शालिग्रामने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी हरवलेली सुई दाखवावी. "डावाच चांगला आहे म्हणतोस?"

"उजवा बी बरा शे. पन डावा, डावा."

तेवढ्यात शिट्टी झाली, पोरं पाणी प्यायला कडेला आली, आणि मॅनेजर साहेबांची नजर आमच्यावर पडली. त्यांनी हाक मारली.

"शालिग्राम, बरं झालं आलात. हा काय घोळ आहे? माप सांगून टाका. काही असेल तर मी आजच निकाल लावतो."

सगळे वळले. वाल्मीक हातातला तांब्या तसाच धरून उभा राहिला. मी निंबाच्या खांद्याला धरलं.

शालिग्राम म्हणाला, "साहेब, माप माझ्याकडे ठेवायला आहे. मालक तो आहे. त्याने सांग म्हटलं तर सांगतो."

आणि पोराकडे वळून, दुकानात विचारावं तसं, "सांगू का रे?"

पोराने तांब्या खाली ठेवला. पुढे आला. काही न बोलता दोन्ही हात समोर सरळ केले आणि तळवे जोडले. डावा तळवा उजव्याच्या मागे राहिला, दोन बोटं रुंद. मॅनेजर साहेब खुर्चीतून उठले.

"उजवा सव्वीस, डावा साडेचोवीस," आता शालिग्राम म्हणाला. "लहानपणी मोडलेला. दुखत नाही."

मॅनेजर साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर शिट्टी पुसत होते.

"हे होय?" सर म्हणाले. "हे मला निवडीच्याच दिवशी दिसलं. चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर धरला तो तिरका. आधी वाटलं माझा चष्मा. म्हणून तर त्याला डाव्या बाजूने खेळवतो. आखूड हातातून चेंडू काढायला समोरच्याला वाकावं लागतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच नाही, साहेब. तुम्ही सगळे शिंप्याला विचारत होतात."

आधी रतिलाल हसला, मग निंबा, मग ते हसू कडेकडेने पसरत साहेबांपर्यंत गेलं. साहेब खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चला, खेळा." वाल्मीकने तांब्या उचलून उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं. मग धावत आत गेला. शालिग्राम जिथे होता तिथेच खाली बसला, सिमेंटवर, धोतर मळेल याची पर्वा न करता.

"दीड इंच," रतिलाल त्याच्या शेजारी बसत म्हणाला. "नाना, आम्ही दोन दिवसांत त्याला जवळजवळ मारला होता."

"मी गप्प बसलो त्यानं मेला असता," शालिग्राम म्हणाला.

त्याच डिसेंबरात वाल्मीक मिलमध्ये कायम झाला. त्याची आई सोनगीरहून शेंगा घेऊन आली आणि शालिग्रामला म्हणाली, भाऊ, तुमनी टेपनं भलं करं. शालिग्राम लाजून कात्रीला धार लावायला निघून गेला. पुढे मरेपर्यंत तो नव्या पोरांची मापं सांगतच राहिला, पण एक बदल केला. आधी पोराला विचारायचा, मग बाकाला सांगायचा. कुणी नको म्हटलं तर तसंच स्पष्ट म्हणायचा, "पोरगा नको म्हणतो." त्यावरून कुणी काही गावभर केलं नाही.

मैदानावरच्या त्या संध्याकाळी मॅच संपायच्या आत आम्ही परत निघालो, कारण त्याला सणकून भूक लागली होती. रिक्षात तो मेहरूणच्या तलावाकडे बघत हसत होता. निंबाने मागे न बघता विचारलं, "मंग नाना, खेळ कसा वाटना?"

"चांगला आहे," शालिग्राम म्हणाला. "पण खांबावरची ती जाळी खालून उघडी आहे. कष्टाने वर टाकलेला चेंडू खाली पडून जातो. मिलला सांग, दहा मिनिटांचं काम आहे, मी उद्या शिवून देतो."

निंबाने रिक्षा रस्त्याच्या कडेला घेतली, आणि हसणं आवरेपर्यंत ती पुढे नेली नाही.