सुगुणा मॅडमना मी माफ केलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, शाळेत तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि माझं तोंड तुम्हाला दिसत नाही. म्हणजे सांगतानाही भित्रा तो भित्राच. असो.

मी तेलंगणात, गुडीहत्नूरजवळच्या एका मिशनच्या मराठी शाळेत मुख्याध्यापक आहे. आठ वर्षांपूर्वी मी तिथे नुसता मराठीचा मास्तर होतो आणि सुगुणा मॅडम मुख्याध्यापिका होत्या. आधी त्यांच्याबद्दल सांगतो. माझ्यावर यायला मला थोडा वेळ लागेल, तेवढा द्या.

मॅडम तेलुगू ख्रिस्ती घरातल्या. मराठी त्या आमच्या पोरांकडूनच शिकल्या, म्हणून बोलायच्याही पोरांसारख्याच — ‘काऊन रे, जेवला नाई?’ मुख्याध्यापकाची गादीची खुर्ची त्यांनी एका गरोदर शिक्षिकेला देऊन टाकली होती आणि स्वतः लाकडी स्टुलावर बसायच्या. पोरं जेवल्याशिवाय जेवायच्या नाहीत. सफाईवाली आली नाही तर बादली घेऊन स्वतः संडास धुवायला जायच्या, आणि आम्ही मास्तर लोक त्या वेळी हमखास कुठल्या तरी वर्गात कामात असायचो. मी एकदा म्हणालो, मॅडम, तुम्हाला हे शोभत नाही. तर म्हणाल्या, “आमच्या येशूनं चाकरी केली सर. मले काऊन लाज वाटंल?” आमच्या घरच्यांना वाटायचं, मिशनची बाई आहे, आज ना उद्या पोरांना बाटवेल. त्यांनी कधी कुणाला प्रार्थनेला ‘ये’सुद्धा म्हटलं नाही.

त्यांची एक रीत होती. दहावीच्या पोरांची शेवटची प्रार्थनासभा असायची, तेव्हा त्या सगळ्या शाळेपुढे उभ्या राहून वर्षभरातल्या आपल्या चुका सांगायच्या. अमक्याला विनाकारण रागावले. तमकीची वही तपासायची राहून गेली. आणि ज्याच्या बाबतीत चुकलं असेल त्याच्यासमोर जाऊन हात जोडायच्या. सातवीतलं पोरगं असलं तरी. आम्ही मागच्या रांगेत गालातल्या गालात हसायचो — हो, मीसुद्धा.

दुसरी रीत यादीची. दहावीच्या परीक्षेआधी बोर्डाकडून तपासणीची यादी येते. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, पहिली भाषा, अंगावरची खूण. चूक असेल तर तेव्हाच दुरुस्त करायची, नंतर काही होत नाही. मॅडम दरवर्षी जमिनीवर सतरंजी टाकून एकेका पोराला जवळ बसवायच्या आणि त्याची ओळ मोठ्याने वाचायच्या. ‘डाव्या गालावर तीळ’ म्हटलं की बोट लावून तीळ बघायच्या. पोरं खिदळायची. सगळं वाचून झालं की मगच पोराची सही.

त्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी यादी माझ्या हातात दिली. “सर, तुमी बसा लेकरांजवळ. घाई करू नका,” एवढंच म्हणाल्या.

मी बसलो का? नाही. त्या दिवशी संध्याकाळी माझ्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते, मला आदिलाबादहून मिठाई आणायची होती. मी यादी वर्गात फिरवली — आपापल्या नावापुढे सह्या करा, लवकर. दहा मिनिटांत काम झालं. मग ती मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, सगळं बघितलंय. त्यांनी माझ्या शब्दावर सही केली.

मार्चमध्ये हॉलतिकिटं आली. नार्नूरच्या वैशालीच्या तिकिटावर पहिली भाषा तेलुगू. पोरगी पहिलीपासून मराठीत शिकलेली, मराठीत वर्गात पहिली. तेलुगू तिची कामापुरती, बाजारातली. मॅडम स्वतः आदिलाबादच्या ऑफिसात तीनदा जाऊन आल्या. वेळ निघून गेली होती. पोरीने तेलुगूचा पेपर दिला आणि त्याच एका विषयात नापास झाली.

पण मी सांगतोय ते हे नाही. ही हयगय झाली, हयगय कुणाचीही होते.

हॉलतिकिटं आली त्याच दुपारी मॅडमनी मला बोलावलं. आवाज चढलेला नव्हता. फक्त विचारलं, “सर, वैशालीची ओळ वाचली व्हती ना?” आता तुम्हीच सांगा, ‘नाही’ म्हणायला काय लागत होतं? तिथे दुसरं कुणी नव्हतं. त्या रागावल्याही नसत्या. तरीही माझ्या तोंडून निघालं — हो मॅडम, चूक माझ्या लक्षात आली होती. त्या पानावर मी चिठ्ठी लावली होती, दुरुस्ती करायची म्हणून. तुम्ही सही केलीत तेव्हा ती होती की.

चिठ्ठी नव्हती. कधीच नव्हती.

मला वाटलं, त्या म्हणतील, कुठली चिठ्ठी? भांडतील, टेबलाचे खण उपसतील. त्यांनी फक्त डोळ्यावर हात ठेवला. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर. खरं सांगू? मला त्यांचाच राग आला. एवढ्या सहज कुणी विश्वास ठेवतं का?

वैशालीचे वडील, मारोतीभाऊ, भाजीपाल्याची शेती करणारा साधा माणूस, शाळेत आले. “मॅडम, तुमी तं दरसाल लेकरायले जवळ बसवून वाचून दाखवता. माह्याच पोरीच्या टायमाले काऊन नाई दाखवलं?” मी शेजारीच उभा होतो. मॅडम म्हणाल्या, “चूक माही हाये भाऊ.” माझं नावसुद्धा घेतलं नाही. यादी माझ्याकडे दिली होती, एवढं तरी म्हणायचं होतं. मी खिडकीबाहेर बघत होतो.

शेवटची प्रार्थनासभा दोन दिवसांनी होती. मॅडम उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळ्या शाळेपुढे ती चिठ्ठी सांगितली. कुणाला माहीत नसलेली, जगात नसलेली चिठ्ठी. मग वैशालीपुढे हात जोडले. पोरगी रडायला लागली. आणि मग त्या मागच्या रांगेकडे आल्या. माझ्याकडे.

“सर, तुमी चिठ्ठी लावली अन् मले दिसली नाई. तुमच्या मेहनतीवर मी पाणी फिरवलं. मले माफ करा.”

हात जोडलेले. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा.

मी काय केलं असेल? मी म्हणालो, “जाऊ द्या मॅडम. वयानं होतं असं.”

खोटं बोललो ते एकवेळ बाजूला ठेवा. पण मी त्यांना माफ केलं. सगळ्या शाळेदेखत, मोठ्या मनाने. मागच्या रांगेतले एक-दोघं मला नंतर म्हणालेही, सर, तुम्ही छान बोललात. मला बरं वाटलं. हेही लिहितो, कारण खरंच बरं वाटलं होतं.

मे महिन्यात मॅडमनी राजीनामा दिला. जिला समोरची चिठ्ठी दिसत नाही तिनं लेकरांची जबाबदारी घेऊ नये, असं त्या संस्थेला म्हणाल्या. किल्ल्या माझ्याकडे दिल्या. पुढच्या वर्षी वैशाली पास झाली. मारोतीभाऊ पेढे घेऊन आले आणि म्हणाले, “त्या मॅडमनं तं घात केल्ता सर. तुमी व्हते म्हणून निभलं.” मी पेढा खाल्ला.

मॅडम आता निर्मलला भाचीकडे असतात. दोन तासांचा बसचा रस्ता, फार लांब नाही. भाची सांगत होती, मावशी आता चर्चमध्ये बायबलचा पाठ वाचायला उभी राहत नाही. गॅस बंद केला की नाही ते तीन-तीनदा बघते. औषध घेतलं की कागदावर लिहून ठेवते आणि तो कागद भाचीला वाचायला लावते. डॉक्टर म्हणतात, डोळे उत्तम आहेत, डोकंही उत्तम आहे. मावशीला पटत नाही. तिला पक्कं ठाऊक आहे की तिच्या डोळ्यांसमोरची चिठ्ठी तिला दिसली नव्हती.

त्यांची चुका सांगण्याची रीत शाळेत अजून चालू आहे. दरवर्षी मी प्रार्थनासभेत उभा राहतो. कुणाला ओरडलो, कधी उशिरा आलो — असलं काहीबाही सांगतो आणि हात जोडतो. पोरं गंभीर होतात. मागच्या रांगेतलं कुणी आता हसत नाही.

आणि दरवर्षी बोर्डाची यादी येण्याच्या सुमाराला मॅडमचा फोन येतो. यंदाही आला, गेल्या आठवड्यात.

“सर, यादी आली का? लेकरांजवळ बसा. एक-एक ओळ वाचा. माह्यासारखी चूक करू नका.”

मी म्हणालो, “नाही करणार मॅडम.”