आगाशेकाकांचं कपाट

कोथरूडच्या आमच्या सोसायटीतले आगाशेकाका खडकीच्या कारखान्यातलं स्टोअर सांभाळून निवृत्त झाले. टूथपेस्टच्या खोक्यातून पूर्वी प्लॅस्टिकची इवलीशी जनावरं निघायची, ती त्यांनी शाळेत असल्यापासून जमवली होती. खेळण्यांच्या एका संग्रहालयाने ती घ्यायची तयारी दाखवली, तेव्हा ती नीट मांडून दाखवता यावीत म्हणून काकांनी सुतार बोलावून भिंतभर कपाट करून घेतलं. प्रत्येक जनावराला बेताचा खण आणि वर नावाची चिठ्ठी.

"हत्तीला स्वतंत्र खोली मिळाली. मी अजून ओट्यापाशीच," काकू म्हणाल्या.

"तू कुठे दुर्मिळ आहेस?"

पावसाळ्यात झुरळं नकोत म्हणून, काकू पैठण्यांमध्ये ठेवतात तशा, काकांनी खणाखणात डांबरगोळ्या टाकल्या आणि दारं घट्ट लावून घेतली. दिवाळीनंतर संग्रहालयाच्या बाई यायच्या होत्या. त्याआधी एकदा बघून जा, म्हणून काकांनी मला बोलावलं.

पहिला खण उघडला. डांबरगोळीने प्लॅस्टिक मऊ पडून हत्ती तळाला चिकटला होता, सोंड गोळीत रुतलेली. शेजारच्या खणात उंटाचा नुसता गोळा. काका एकेक खण उघडत राहिले.

"अहो, पुरे आता," काकू हळूच म्हणाल्या. पण काकांनी शेवटचा खणही उघडून बघितला.

बाईंना येऊ नका म्हणून काकूंनीच फोन केला. कपाट अजून भिंतीवर आहे. खण इतके लहान, की घरातली दुसरी कुठलीच वस्तू त्यांत मावत नाही.