भगरीतलं चमचाभर कूट

मैत्रिणींनो, सगळा जन्म उपवासाला शेंगदाण्याचं कूट खाल्लं आणि यंदा सेहेचाळिसाव्या वर्षी मला त्याचीच ॲलर्जी निघाली.

आज बालीगंजला सुधाताईंकडे एकादशीचं भजन होतं. भगरीत कूट घालू नका, असं मी त्यांना कालच सांगितलं होतं. तरी दोन घासांतच माझे ओठ सुजले.

"चमचाभरच घातलंय. देवाचा प्रसाद बाधतो का कुणाला? या वयात कसली नवी थेरं?" सुधाताई म्हणाल्या.

मी पर्समधली गोळी घेतली आणि सुजल्या तोंडाने पातेल्याशेजारीच बसून राहिले. वाढून घ्यायला येणारी प्रत्येक जण विचारायची, "अगंबाई, हे काय झालं?"

"ही भगर खाल्ली," एवढंच मी सांगायची.

पातेलं भरलेलंच राहिलं. वाया जाणारं अन्न मला कधी बघवत नाही. आज मात्र डोळे भरून पाहिलं. विठ्ठल रागावेल का हो मला?