चारचौघांत घेतलेलं वजन

सुवर्णा बोलायला उभी राहिली की बायका हातातलं काम बाजूला ठेवून ऐकत. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. मनमाडला रेल्वेच्या चाळीत, नळावरची भांडणं मिटवता मिटवता तिची जीभ तयार झाली होती. पुढे गृहविज्ञानाची पदवी घेतली, लग्न होऊन नाशिकरोडला आली. नवरा महेश सरकारी नोकरीत, घरी काही कमी नव्हतं. तरी नुसतं बसून राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. शहराभोवतीच्या भाजीपाल्याच्या मळ्यांत बायामुलांच्या आहाराचं काम करणारी एक लहानशी संस्था होती, तिथे ती लागली. साल ब्याण्णव-त्र्याण्णव असेल.

भोरमळा ही तिच्या वाट्याला आलेली पहिली वस्ती. नदीकाठची काळी जमीन, मेथी, पालक, कोथिंबीर, बांधाला झेंडू. पहाटेच टेम्पो भरून माल बाजाराला निघायचा आणि मागे राहिलेली माणसं भाकरीला ठेचा लावून खायची. डोळ्यांपुढे हिरवागार मळा, आणि त्यात खुरपणाऱ्या बायांच्या पापण्या उलटून बघाव्यात तर पांढऱ्याफटक. सुवर्णाला सुरुवातीला हे खरंच वाटेना.

वस्तीत तिचा जम बसला तो नवसाबाईमुळे. नवसाबाई म्हणजे खड्या आवाजाची, मळ्यात गड्याच्या बरोबरीने राबणारी बाई. मुलगा ज्ञानेश माल घेऊन बाजारात जायचा, घर आणि मळा हिच्या हुकमतीत. "ताईंला च्या ठिव गं," ती सुनेला हाक द्यायची आणि सुवर्णाला चुलीपुढे बसवून घ्यायची. सून साधना देवळ्याकडची, अबोल. नात वैष्णवी दोन वर्षांची. हातपाय काड्यांसारखे, सदा किरकिर.

एकदा भाकरी थापता थापता नवसाबाई सहज बोलून गेली, "चांगली जुडी घरात ठिवायला हातच होत नाय बघा. आन् मोडकीतोडकी पानं म्हशीला घालिते. पोरीच्या ताटात पडावी, हे कधी डोक्यात आलंच नाय." आणि स्वतःशीच हसली.

सुवर्णाने तिला काही सुनावलं नाही. त्याच चुलीवर मूठभर मेथी तुरीच्या डाळीत घालून शिजवली, वर तेलाची धार सोडली आणि भाकरी कुस्करून वैष्णवीला भरवली. पोरीने मिटक्या मारत खाल्लं. पुढच्या वेळी ती गेली तेव्हा साधनाने आपणहून सांगितलं, "कालपण केली व्हती ताई, डाळमेथी." काम असंच, चुलीच्या उबेने, हळूहळू पुढे सरकत होतं. तसंच सरकू द्यायला हवं होतं.

सप्टेंबरात पोषण आहार सप्ताह आला. शाळेच्या पटांगणात कार्यक्रम ठरला. जिल्ह्याच्या ठिकाणचे पाहुणे येणार म्हणून संस्थेचे लोक धावपळीत होते. मोड आलेली मटकी, नागलीची खीर, पालकाची थालीपीठं टेबलावर मांडली होती. बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. कडुनिंबाच्या फांदीला वजनकाटा टांगला होता आणि त्याला मुलं बसवायची झोळी.

सुवर्णाला त्या दिवशी भाषण रंगवायचं होतं. ती बोलू लागली, बायका हसल्या, पाहुण्यांनीही मान डोलावली. त्या भरात तिने पुढे बसलेल्या साधनाच्या मांडीवरून वैष्णवीला उचललं आणि झोळीत बसवलं. काटा जेमतेम हलला. पोर भेदरून रडायला लागली.

"बघा," सुवर्णा म्हणाली, "या घरची मेथी मुंबईला जाते. उरलेली पानं कुणाला मिळतात ठाऊक आहे? म्हशीला! म्हैस बघा कशी तुकतुकीत आहे, आणि नात बघा!"

पटांगणात हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "नवसाबाई, म्हशीलाच बसवा काट्यावर!" हसणं आणखी वाढलं.

नवसाबाई उठली. तिने झोळीतून नातीला काढलं, पदराखाली घेतलं आणि कुणाकडेही न बघता चालू लागली. साधना तिच्यामागे खाली मान घालून गेली. सुवर्णाने पुढचं वाक्य घेतलं. कार्यक्रम संपल्यावर पाहुणे म्हणाले, "फार प्रभावी बोलता तुम्ही." ती दिवसभर त्याच आनंदात होती.

पंधरवड्याने ती नवसाबाईच्या दारात गेली. नवसाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला, पण आत ये म्हटलं नाही.

"मावशी, रागावलात का?"

"दारी आलेल्याला आमी पाणी देतो, ताई. आमच्या घरातलं वजनमाप आता आमचं आमी बघू."

त्या वेळी हात धरून 'चुकलं माझं' म्हणायला हवं होतं. पण आपण खोटं काय बोललो, हा ताठा मनात होता. येईल राग उतरून, असं म्हणून ती परतली. नवसाबाईचा राग काही उतरला नाही. साधनाचं अंगणवाडीत येणं बंद झालं, वैष्णवीचंही.

थंडीत एकदा सुवर्णा पाटाच्या कडेने चालली होती. साधना पाण्यात उभी राहून गाजरं धूत होती. पोट दिसू लागलं होतं. चेहरा फिका, ओठांना रंग नाही.

"गोळ्या घेतेस का गं, लोहाच्या?"

साधनाने घराकडे नजर टाकली. "तुम्ही जावा ताई. आत्याबाई बघतील."

सुवर्णा गेली. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंच्या कानावर घालायचं तिने ठरवलं आणि घातलंही, पण घाईत, दुसऱ्या चार गोष्टींबरोबर. नर्सबाई गेल्या की नाही, हे मात्र तिने पुन्हा विचारलं नाही. तेव्हा ती दुसऱ्या वस्तीतल्या मेळाव्याच्या तयारीत होती.

उन्हाळा लागताना साधना दिवस भरण्याआधीच बाळंत झाली. अंगात रक्त नव्हतं. सरकारी दवाखान्यात बाटल्या चढवून तिला वाचवलं. बाळ ओंजळीएवढं होतं. पाचवी पुजायच्या आधीच ते गेलं.

सुवर्णा भेटायला गेली तेव्हा नवसाबाई ओट्यावर बसली होती. या खेपेला तिने सरकून जागा दिली.

"मावशी, मी तसं बोलायला नको होतं."

"खोटं नव्हत्या बोलल्या तुमी. म्हणून तर लागलं." नवसाबाईचा खडा आवाज पार बसला होता. "चुलीपुढं तुमच्याजवळ मन मोकळं केलं. तुमी ते चारचौघांत उधळलं. घरात चार शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या, ताई." मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "आन् मी बी कसली! तुमच्यावरच्या रागापायी सुनेला आडवलं."

त्यानंतर सुवर्णाने कुठल्याच मुलाचं वजन लोकांसमोर घेतलं नाही. एकेका घरात जाई, दार लोटून घेई, आईच्या कानात सांगे. भाषणं तिने सोडलीच. संस्थेतल्या लोकांना ती सुस्तावल्यासारखी वाटे. "पूर्वी तुमच्या सभेला किती गर्दी व्हायची," कुणीतरी म्हणे. ती नुसतं "हो" म्हणे. नव्याने लागलेल्या मुली विचारत, ताई, एवढा वेळ एकाच घरात का घालवता? त्यांना ती पहिल्यांदा बाईशेजारी बसून भाजी निवडायला लावी.

भोरमळ्यात पुढे बदल झाला. दोन हजार सालानंतर बऱ्याच घरांच्या परसात खाण्यापुरते शेवगा, पालक वेगळे दिसू लागले. त्यात सुवर्णाचा वाटा होता, हे लोक बोलूनही दाखवत. वैष्णवी अंगाने लहानखुरीच राहिली, पण काटक निघाली. सायकलवरून शाळेला जाऊ लागली. नवसाबाई वयाने थकली. साधनाला पुन्हा मूल झालं नाही.

सुवर्णा वस्तीत गेली की साधना तिला जेवायला थांबवून घ्यायची. दोघी पावसापाण्याचं, बाजाराचं, वैष्णवीच्या परीक्षेचं बोलत. साधनाने तिला कधी दोष दिला नाही. माफ केलं असंही कधी म्हटलं नाही. सुवर्णाला कितीदा वाटलं, आज विषय काढावा, त्या दिवशी पाटाकडेला मी थांबले असते तर, एवढं तरी बोलावं. पण साधना ताटात गरम भाकरी वाढत, "घ्या ना ताई, लाजता काय," म्हणायची, आणि सुवर्णा खाली मान घालून जेवत राहायची.